आबा रिव्हॉल्वर निवडतात

आयुष्यात आपण एकच निवड झटपट केली, ती अक्कांची, असं आबा सांगायचे. त्यावर अक्का स्वयंपाकघरातून ओरडून सांगायच्या, ‘खोटं आहे! तीनदा बघायला आले होते. तिसऱ्यांदा तर माझ्याकडे बघितलंच नाही, आमच्या गोठ्यातले बैल बघून गेले!’

मी जळगावच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायला लागले तेव्हा यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. आबा माझे घरमालक. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, उंच, सडपातळ आणि नजर सतत कशाची तरी पारख करत असलेली. त्यांची नोकरीच तशी झाली होती. कापसाच्या खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. शेतकऱ्याने गाडीभर कापूस आणला की आबा मूठभर उपसायचे, डोळे मिटून दोन्ही अंगठ्यांत धागा ओढायचे आणि प्रत सांगायचे. निवृत्त झाले, पण अंगठे काही निवृत्त झाले नाहीत. माणूस, भाजी, कापड, सरकार, काहीही समोर आलं की आबा प्रत ठरवत. मी खोली बघायला गेले तेव्हा माझ्याकडे बराच वेळ बघून अक्कांना म्हणाले, ‘मध्यम धागा आहे. पण स्वच्छ आहे, कचरा नाही. द्यायला हरकत नाही.’

म्हणजे काय ते मला कळलं नाही. अक्का म्हणाल्या, ‘म्हणजे तुम्हाला खोली मिळाली, ताई. भाग्यवान आहात. तुमच्या आधीच्याला ओलावा जास्त म्हणून परत पाठवला होता.’

घरात आणायची कुठलीही वस्तू आबा अशी निवडत की दुकानदार त्यांना लांबून बघून आत जाऊन बसत. दिवाणखान्याचा पंखा घ्यायचा होता तेव्हा ते खानदेशभरच्या नातेवाइकांकडे एकेक रात्र झोपून आले होते. कोणाचा कोणत्या कंपनीचा पंखा आहे हे आधी फोनवर विचारून मगच मुक्कामाला जायचे. नातेवाइकांना वाटलं, आबांना म्हातारपणी माणसांची ओढ लागली. चाळीसगावच्या मावसबहिणीने तर पुरणपोळ्या केल्या. आबा सकाळी उठून तिला म्हणाले, ‘तुझा पंखा कुरकुरतो,’ आणि पहिल्या गाडीने परत आले.

अशा माणसाने रिव्हॉल्वर घ्यायचं ठरवलं.

निमित्त झालं आमच्या कॉलनीतल्या चोरीचं. कोपऱ्यावरच्या बंगल्यातून भरलेला गॅस सिलिंडर गेला. दुसऱ्या दिवशी आबा चहाच्या वेळी वर माझ्याकडे आले, खुर्चीवर ताठ बसले आणि म्हणाले, ‘मॅडम, घरात एक हत्यार पाहिजे.’

‘कोयता आहे की माळ्यावर,’ मी म्हटलं.

‘कोयत्याला जवळ जावं लागतं,’ आबा म्हणाले. जवळ जाण्याची कल्पना त्यांना मुळीच आवडलेली दिसली नाही. ‘रिव्हॉल्वर घेऊ. घराला राखण होईल आणि शिकारीलाही कामाला येईल.’

आता शिकारीचं सांगितलं पाहिजे. शिकारीला बंदी आहे हे आबांना पुरेपूर माहीत होतं. कायद्याच्या बाबतीत ते इतके काटेकोर होते की रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला चालत जातानासुद्धा थांबत. पण त्यांचे आजोबा एरंडोलच्या बाजूच्या टेकड्यांत शिकार करत, आणि ते रक्त आपल्यात आहे असं आबांचं म्हणणं होतं. म्हणून महिन्यातून एकदा ते ‘शिकारीला’ जात. म्हणजे गाडी काढायची, पद्मालयाच्या गणपतीचं दर्शन घ्यायचं आणि जंगलाच्या कडेला एका ठरलेल्या दगडावर चहाचा थर्मास आणि दुर्बीण घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहायचं. मी दोनचारदा त्यांच्याबरोबर गेले. एकदा ससा आला. आबांनी दुर्बीण लावली, श्वास रोखला, ससा दिसेनासा होईपर्यंत बघितलं आणि म्हणाले, ‘गेला. सुटला माझ्या हातून.’

‘पण तुमच्या हातात तर काहीच नव्हतं.’

‘तेच तर म्हणतो मी,’ आबा म्हणाले. ‘शिकार बंद आहे, मॅडम. शिकारीला जाणं बंद नाही. पण नुसता थर्मास घेऊन गेलं की जनावर आपल्याला मोजत नाही.’

मग पुढे कित्येक महिने आमच्या घरात रिव्हॉल्वरशिवाय दुसरा विषय नव्हता. आबा फोनवर व्हिडिओ बघत, आवाज मोठा करून. अक्का तांदूळ निवडत असायच्या आणि मागे धडाड धडाड आवाज चालू असायचे. पिस्तुल की रिव्हॉल्वर हा पहिला प्रश्न होता. त्यावर आबांनी पावसाळा घालवला. नळी आखूड असावी की लांब, हा दुसरा. घरात आखूड बरी, कपाटाच्या आणि कॉटच्या मधून वळवता येते. शिकारीला लांब बरी, नेम लागतो. मी सुचवलं की तुम्हाला नेम लावायचाच नाहीये. आबांनी माझ्याकडे दयेने बघितलं. ‘न लावायचा झाला तरी लागण्यासारखा असला पाहिजे,’ ते म्हणाले.

पाहणीसाठी आम्ही धुळ्याला गेलो. तिथे एक जुनं बंदुकांचं दुकान होतं. गाडी आबा चालवत होते, म्हणजे बैलगाडीवाले आम्हाला हात करून पुढे जात होते. अक्काही आल्या होत्या, त्यांना धुळ्यात साड्या बघायच्या होत्या.

दुकानदार साठीचा, शांत, डोळ्यांवर जाड चष्मा. त्याने आधीच सांगितलं, ‘परवाना नसेल तर विकता येणार नाही. बघायला हरकत नाही.’ त्याने गोळ्या नसलेली दोनतीन रिव्हॉल्वरं कापडावर मांडली. आबांनी एक उचललं, डोळे मिटले आणि नळीवरून अंगठे फिरवायला लागले.

दुकानदार घाबरला. ‘साहेब, डोळे उघडे ठेवा. याला डोळे मिटून हात लावत नाहीत.’

‘ओलावा धरतं का हे? पावसाळ्यात?’

‘तेल द्यायचं अधूनमधून.’

‘पिस्तुल बरं की हे?’

‘तुमच्यासारख्याला हेच बरं. पिस्तुलात गोळी अडकली तर खटपट करत बसावं लागतं. यात एक नाही उडाली तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची गोळी येते. डोकं चालवावं लागत नाही.’

‘डोकं चालवायला माझी ना नाही,’ आबा म्हणाले. ‘रानडुकराला पुरेल?’

दुकानदाराने चष्मा काढला. ‘साहेब, पहिली गोष्ट म्हणजे शिकार बंद आहे. दुसरी गोष्ट, हे बत्तीस बोअर आहे. याने डुक्कर मरत नाही, चिडतं.’

‘आवाज कसा आहे?’

‘आवाज?’

‘म्हणजे नुसत्या आवाजानं माणूस पळेल, असा आहे का?’

दुकानदाराला असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं असावं. तो म्हणाला, ‘साहेब, आवाजच पाहिजे असेल तर दिवाळीला या.’

आबांना राग आला नाही. त्यांनी प्रत्येकाचं वजन विचारलं आणि तिथून निघाले. वाटेत एकदम गंभीर होऊन म्हणाले, ‘सातशे ग्रॅम. कमरेला दिवसभर सातशे ग्रॅम सोसतं का, हे आधी बघायला पाहिजे.’

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले आणि भरताच्या वांग्यांच्या ढिगापुढे उकिडवे बसले. जळगावकडचं भरताचं वांगं हिरवं, लांब आणि चांगलं हातभर असतं. भाजीवालीला म्हणाले, ‘एकच दे, पण बरोबर सातशे ग्रॅमचं.’ तिने वांगी तोलून तोलून शेवटी तराजू त्यांच्याच पुढे सरकवला. मग ते वांगं घेऊन आबा चांभाराकडे गेले आणि त्याच्या मापाने चामड्याची कमरपेटी शिवून घेतली. चांभाराने विचारलं, हे कशासाठी? आबा म्हणाले, ‘गुप्त आहे.’

त्या दिवसापासून आबा कमरेला वांगं लावून फिरायला लागले. सकाळी फिरायला जाताना वांगं, बँकेत वांगं, लग्नात वांगं. बसताना टोचतं का, वाकताना पडतं का, झटकन काढता येतं का. अंगणात उभं राहून ते एकदम वळत आणि वांगं काढून तुळशीवर रोखत. शेजारचे लोक सुरुवातीला हसले, मग त्यांना सवय झाली. वांगं दोन दिवसांत मऊ पडायचं, म्हणून नवं आणावं लागायचं आणि जुनं अक्का भाजायच्या. चुलीवर ठेवताना खालून मला हाक मारून विचारायच्या, ‘ताई, आज रिव्हॉल्वर भाजतेय. जेवायला येता का? लांब नळीचं आहे!’

त्या भरताची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची चव अजून माझ्या जिभेवर आहे. पण चार महिने आठवड्यातून तीनदा भरीत खाल्ल्यावर मीसुद्धा मनातल्या मनात गणपतीला सांगितलं, बाबा रे, यांना एकदा परवाना मिळू दे.

परवान्याचा अर्ज गेला आणि चौकशीसाठी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. साक्षीला म्हणून आबांनी मला नेलं. इन्स्पेक्टर तरुण होते, बोलायला चांगले.

‘तुमच्या जीवाला धोका आहे का?’

‘नाही,’ आबा म्हणाले.

‘कोणी दुश्मन?’

‘नाही.’

‘कोणी धमकी दिलीय? पैशाअडक्याचा मोठा व्यवहार असतो घरात?’

‘छे.’

इन्स्पेक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘मग रिव्हॉल्वर कशाला पाहिजे?’

‘साहेब,’ आबा समजावणीच्या सुरात म्हणाले, ‘दुश्मन झाल्यावर घ्यायला गेलो तर घाईत निवडावं लागेल.’

इन्स्पेक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरचा नकाशा बघायला लागले. शेवटी ते म्हणाले, ‘आबा, तुम्ही सज्जन आहात हे दिसतंय. पण कारणाशिवाय मी वर शिफारस करू शकत नाही. काही खरा धोका असेल तर सांगा. नसेल तर अर्ज इथेच थांबला असं समजा.’

आबांनी दोन दिवस वांगंसुद्धा लावलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, ‘मॅडम, कॉलेजला सुट्टी आहे ना? चला. दुश्मन बघून येऊ.’

आबांचं गाव एरंडोलच्या आतल्या बाजूला. तिथे त्यांचा चुलतभाऊ राहतो, त्याला सगळे नाना म्हणतात. या दोघांच्या शेताच्या मधल्या बांधावर एक बाभूळ आहे, ती कोणाची यावरून त्यांचं अनेक वर्षं बोलणं बंद होतं. लग्नकार्यात समोरासमोर आले तर एकमेकांच्या पाठीमागच्या माणसाला नमस्कार करायचे. आम्ही पोचलो तेव्हा नाना ओट्यावर बसून दाढी करून घेत होते. एका गालावर फेस होता. आबांना बघून न्हाव्याचा हात तिथल्या तिथे थांबला.

गावात पाऊल टाकलं की आबांची भाषा आपोआप अहिराणी व्हायची.

‘कसाले उना?’ नानांनी विचारलं. म्हणजे, कशाला आलास.

‘काम शे,’ आबा म्हणाले. ‘माले धमकी दे.’

‘काय?’

‘मारी टाकसू असं सांग. मोठ्यानं सांग. या मॅडम साक्षीदार शेतस.’

नानांनी न्हाव्याला बाजूला केलं. माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. ‘मी तुले काब्रं, कसाले मारू?’

‘बाभूळनं भांडण शे ना आपलं!’

‘ते शे,’ नाना म्हणाले. ‘बठ्ठा गावले माहीत शे. पण त्यानासाठे कोणी मारस का?’

‘अरे, मारू नको. नुसतं सांग. पोलीसले कारण पाहिजे.’ आबांनी रिव्हॉल्वर, परवाना, इन्स्पेक्टर असं सगळं सांगितलं. नाना ऐकत होते. गालावरचा फेस वाळत होता. आबांचं संपलं तेव्हा नानांचा चेहरा पार उतरला होता.

‘भाऊ,’ ते म्हणाले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा भाऊ म्हणाले. ‘तुले खरंच वाटस, मी तुले मारसू?’

‘तसं नही रे,’ आबा पुटपुटले.

‘तू पोलीसमा जाईसन मनं नाव सांगणार व्हता?’ नानांनी विचारलं. मग ते एकदम उठले आणि आत बघून ओरडले, ‘चहा ठेव वं! भाऊ उना शे!’

आम्ही चहा प्यायलो. मग शेवभाजी झाली, कारण चहावर कोणी आम्हाला सोडेना. जेवताना बाभळीचा विषय निघाला आणि नाना म्हणाले, ती तुझीच. आबा म्हणाले, नाही, तुझीच. त्यावरून पुन्हा चांगलंच जुंपलं. नानांच्या बायकोने दोघांच्या पानात एकेक भाकरी टाकून ते मिटवलं.

परतताना आबा एरंडोल मागे पडल्यावर म्हणाले, ‘मोठं अवघड झालं, मॅडम. एकच दुश्मन होता, तोही गेला.’

अर्ज काढून घ्यायचा म्हणून आबा मला घेऊन पुन्हा ठाण्यात गेले. अक्कांना दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, म्हणून त्याही गाडीत होत्या, आणि ऊन फार म्हणून आत येऊन बसल्या. आबांकडून एरंडोलची हकीकत ऐकून इन्स्पेक्टरांनी शेवटचं म्हणून विचारलं, ‘आबा, नीट आठवा. पूर्वी कधी काही घडलंय का? चोरी, मारामारी, घरात कोणी शिरलं?’

‘नाही,’ आबा म्हणाले. फार पटकन म्हणाले. एवढ्या पटकन त्यांना काही बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

‘घडलंय,’ अक्का म्हणाल्या.

आबांनी मान वळवली नाही.

अक्कांनी पदर सारखा केला आणि शांतपणे सांगितलं. लग्नानंतर काही वर्षांनी, गावच्या घरात असताना, दोन चोर शिरले होते. पितळेची भांडी पोत्यात भरत होते. ‘मी उठले आणि बोंब मारली. एक जण माझ्या अंगावर आला, हाताला हिसडा बसला. तेवढ्यात शेजारचे जमले, म्हणून पळाले. मोठा हंडा गेला, बाकीची भांडी वाचली.’

‘आणि आबा?’ इन्स्पेक्टरांनी विचारलं.

‘झोपले होते,’ आबा म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

‘जागे होते,’ अक्का म्हणाल्या. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. भाजीत मीठ आहे की नाही ते सांगावं तसं सांगितलं. ‘माझ्या आधी जागे झाले होते. पापण्या हलत होत्या. मला माहीत आहे, साहेब. आवाजच फुटला नाही यांचा. होतं असं माणसाचं. पण तेव्हापासून यांना झोपच नाही. दाराला कडी घातली का, म्हणून पाच वेळा उठतात. द्या ना यांना काय पाहिजे ते.’

आबा स्वतःच्या अंगठ्यांकडे बघत होते. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठायला धीर होईना. इन्स्पेक्टर तरुण होते, पण माणूस मोठा होता. त्यांनी आबांकडे न बघता लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता म्हणाले, ‘माझा पहिला छापा होता तेव्हा मी शिट्टी वाजवायची विसरलो होतो. तोंडात होती शिट्टी. अक्का, हे आधी सांगितलं असतं तर आबांना एरंडोलपर्यंत जावं लागलं नसतं.’

बाहेर आल्यावर आबांनी गाडी सुरू केली नाही. चावी हातात धरून बसले. मग समोर बघतच विचारलं, ‘इतकी वर्षं बोलली का नाहीस?’

‘बोलून काय?’ अक्का मागच्या सीटवरून म्हणाल्या. ‘हंडा परत आला असता? चला आता, डॉक्टर जेवायला जाईल.’

परवाना आला. त्याला काही महिने गेले, आणि त्या काळात आबांचे व्हिडिओ बंद झाले. मी एकदा विचारलं, नळीचं काय ठरलं? म्हणाले, ‘कोणतीही चालेल.’ आबांच्या तोंडून ‘कोणतीही चालेल’ ऐकून मला काळजीच वाटली. अक्कांनाही वाटली असावी. कारण धुळ्याला जायच्या दिवशी त्या स्वतःहून पुढच्या सीटवर बसल्या.

दुकानदाराने पुन्हा तीच कापडावरची मांडणी केली. आबांनी एकालाही हात लावला नाही. तेव्हा अक्कांनीच मधलं रिव्हॉल्वर उचललं, हात सरळ केला आणि समोरच्या कॅलेंडरवरच्या तारखेवर रोखलं. हात जरासुद्धा हलत नव्हता.

‘अरे बापरे,’ दुकानदार म्हणाला. ‘साहेब, परवाना यांच्या नावाने काढायला हवा होता.’

‘रोज पोळ्या लाटते,’ अक्का म्हणाल्या. ‘हे घ्या. मूठ बरी आहे. आणि घरात हे काढायची वेळ आली तर मी काढीन, तुम्ही दिवा लावा.’

आबा हसले. ठाण्यानंतर पहिल्यांदा हसले. म्हणाले, ‘एवढं तरी करता येईल मला,’ आणि तिथल्या तिथे ते घेतलं. आखूड की लांब याचा त्यांनी उल्लेखही केला नाही.

वाटलं, संपलं. पण रिव्हॉल्वर घरी येऊन आठवडा झाला नसेल, निवडणूक जाहीर झाली. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. आबा पहिल्याच दिवशी जमा करून आले. ती निवडणूक संपली, आणून कपाटात ठेवलं, तर दुसरी लागली. मग कुठली पोटनिवडणूक. रिव्हॉल्वर घरी कमी आणि ठाण्यात जास्त राहायला लागलं. आबा दर सोमवारी तेलाची बाटली आणि फडकं घेऊन ठाण्यात जात, ते पुसून येत. तिथले हवालदार त्यांना चहा देत आणि सांगत, ‘आबा, मजेत आहे ते. काळजी करू नका.’ अक्का म्हणायच्या, ‘लग्न करून दिलेल्या पोरीला भेटायला जावं तसे जातात.’

मी जळगाव सोडायच्या थोडं आधीची गोष्ट. रिव्हॉल्वर नुकतंच घरी आलं होतं आणि नानांचा फोन आला. मक्यात रानडुकरं घुसतात, अर्धं शेत आडवं केलंय. वनखात्याकडे अर्ज दिलाय, तोवर तू ये, बसू. आबांनी कमरेला पेटी बांधली. पेटी वांग्याच्या मापाची असल्याने रिव्हॉल्वर तिच्यात खालीवर खुळखुळत होतं. मला म्हणाले, ‘झाडायचं नाही, मॅडम. नुसतं असू द्यायचं.’

नानांच्या शेतात पोचलो तेव्हा सकाळची उन्हं नुकती चढत होती. नाना पुढे, हातात काठी, मोडलेली कणसं दाखवत चालले होते. मागे आबा, त्यांच्या मागे मी. मक्यात खसफस झाली. नाना वाकून बघायला लागले आणि त्याच क्षणी समोरून काळं धूड बाहेर आलं. एवढं मोठं डुक्कर मी पाहिलं नव्हतं. मान खाली, सुळे बाहेर, आणि ते सरळ नानांवर निघालं. नाना मागे सरायला गेले आणि ढेकळात पाय अडकून पडले.

आणि मग तो आवाज आला.

‘एऽऽऽऽ! निंघ! निंघ आठून!’

मला क्षणभर कळलंच नाही, कोण ओरडलं. वाटलं, शेतात आणखी कोणीतरी आहे. आबा नानांच्या पुढे जाऊन उभे होते. दोन्ही हात वर, सदरा फुगलेला, मान मागे टाकलेली, आणि घशातून असा आवाज निघत होता की बाजूच्या कडुलिंबावरचे सगळे बगळे उडाले. ‘निंघ म्हनस ना तुले! मना भाऊ शे तो! निंघ!’

डुक्कर थबकलं. त्याला बहुतेक असा माणूस कधी भेटला नसावा. ते फुरफुरलं, अंग वळवलं आणि शेजारच्या कपाशीतून तडक नाल्याकडे पळालं. आबा तरीही ओरडतच होते. नानांनी उठून त्यांचा दंड धरून हलवला तेव्हा थांबले.

‘भाऊ,’ नाना धापा टाकत म्हणाले, ‘कंबरले रिव्हॉल्वर व्हतं ना तुना?’

आबांनी खाली बघितलं. पेटीवर हात ठेवला. ‘ध्यानमाच नही उनं,’ ते म्हणाले, आणि तिथेच मक्यात मांडी घालून बसले. नानाही शेजारी बसले. मग दोघंही हसायला लागले, आणि हसता हसता आबांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

त्या दिवशी नाना आमच्याबरोबर जळगावला आले, खास अक्कांना सांगायला. गाडीतून उतरायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली. डुक्कर वाटेत बरंच वाढलं होतं, पण आबांनी त्यांना मध्ये थांबवलं नाही. ते अंगणातल्या पायरीवर चपला काढत बसले होते, एक चप्पल काढायला त्यांना फार वेळ लागत होता.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग आबांकडे वळल्या.

‘तुम्ही ओरडलात?’

‘हो.’

‘मोठ्यानं?’

‘बऱ्यापैकी,’ आबा म्हणाले. ‘विचार मॅडमना.’

मी म्हटलं, बगळे उडाले.

अक्कांनी हातातलं ताट पायरीवर ठेवलं. ‘मला ऐकवा,’ त्या म्हणाल्या.

‘काहीतरीच काय. कॉलनी आहे ही.’

‘असू दे. मला ऐकायचंय.’

आबा उठले. अंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नानांकडे. लाजेने त्यांचे कान लाल झाले होते. मग त्यांनी डोळे मिटले, मान मागे टाकली आणि ओरडले. अगदी तसंच, पोटातून, शेवटपर्यंत.

समोरच्या घराची खिडकी उघडली. शेजारचे गृहस्थ बनियनवर, क्रिकेटची बॅट घेऊन धावत आले. कोपऱ्यावरच्या बंगल्यातले सगळे गच्चीवर आले. ‘काय झालं? चोर आला का? कुठे आहे?’ म्हणून फाटकाशी चांगली गर्दी जमली.

अक्का डोळ्यांना पदर लावत फाटकापर्यंत गेल्या.

‘काही नाही, काही नाही,’ त्या एकेकाला सांगत होत्या, आणि मुलगा पहिल्या नंबराने पास झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. ‘आमच्या ह्यांचा आवाज होता तो.’